स्वावलंबन की स्वयंनिर्णय?

विकासात्मक अपंगत्व (लहानपणापासूनचं, शिकण्यावर, बोलण्यावर किंवा हालचालींवर परिणाम करणारं) असलेल्या प्रौढांच्या हक्कांवर मराठीत पुस्तिका तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : ‘सेल्फ-डिटर्मिनेशन’साठी ‘स्वावलंबन’ लिहावं की ‘स्वयंनिर्णय’? दुसरा शब्द राष्ट्रांबद्दलच्या मजकुरातला वाटतो, असं त्यांचं म्हणणं. आणि ‘कम्युनिटी इन्क्लूजन’ला ‘समाजात सामावून घेणे’ चालेल का?

‘स्वयंनिर्णय’ लिहा. ‘स्वावलंबन’ शब्द चांगला आहे, पण या जागी तो नुकसान करतो. आपली कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय करता येणं म्हणजे स्वावलंबन : स्वतःची बटणं लावणं, एकट्याने बसने जाणं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या एखादीला कपडे घालायला रोज कुणीतरी लागतं. या अर्थाने ती स्वावलंबी नाही आणि कदाचित कधी होणारही नाही. पण आज निळा ड्रेस हवा की पिवळा, मदतीला कोण हवं आणि कोण अजिबात नको, हे ती नजरेने, मानेने, समोरच्या चित्रफलकावर बोट ठेवून सांगते. हा स्वयंनिर्णय. पुस्तिकेत ‘स्वावलंबन’ छापलंत, तर ज्यांना सर्वांत जास्त मदत लागते तीच माणसं सर्वांत आधी त्यातून गळतील. ‘आधी स्वतःचं स्वतः करायला शिक, मग ठरव’ ही अट त्या शब्दातच बसलेली आहे. ती बाकीच्यांना कुणी घालत नाही. कज्जा लढवायला वकील लागतो म्हणून कुणाचा मालमत्तेवरचा हक्क जात नाही.

राष्ट्रांबद्दलची शंका रास्त आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या शब्दाचा जगभर बोलबाला झाला, आणि १९६६च्या दोन्ही आंतरराष्ट्रीय मानवी हक्क करारांचं पहिलंच कलम लोकसमूहांच्या स्वयंनिर्णयाचं आहे. पण व्यक्तीसाठी तो वापरणंही जुनंच. स्वीडनमध्ये १९७० साली बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुण प्रौढांची परिषद माल्मो शहरात भरली. घर, काम, मोकळा वेळ याबद्दलच्या मागण्या तिथे त्यांनी स्वतः मांडल्या. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या बेंग्ट निर्ये यांनी १९७२मध्ये एका पुस्तकात जे प्रकरण लिहिलं, त्याचं शीर्षकच ‘स्वयंनिर्णयाचा हक्क’ अशा अर्थाचं होतं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये ‘पीपल फर्स्ट’ ही चळवळ उभी राहिली, तीही याच माणसांची. शब्दाला राजकारणाचा वास येतो तो राहू द्या. ‘तुम्ही अजून लायक नाही, तुमचं भलं आम्ही बघतो’ हे वसाहतींना ऐकवलं गेलं, तेच या माणसांना घरात आणि संस्थेत ऐकवलं जातं.

आता जरा क्रियापदांकडे वळू, कारण नाम बरोबर निवडूनही वाक्यात घोटाळा होतो. मराठीत ‘ठरणे’ आणि ‘ठरवणे’ अशी जोडी आहे. ‘त्याला संस्थेत ठेवायचं ठरलं.’ कुणी ठरवलं? वाक्य सांगत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही विचारावंसं वाटत नाही. त्यात पुन्हा ‘ठेवणे’. आपण सामान ठेवतो, दागिने ठेवतो; माणूस राहतो. पुस्तिकेचा मसुदा घेऊन ज्या वाक्यांत अपंग व्यक्ती ‘ला’ किंवा ‘ना’ प्रत्यय लावून आली आहे, ती सगळी अधोरेखित करून बघा : त्याला नेलं, तिला बसवलं, त्यांना शिकवलं, त्यांना मुख्य प्रवाहात आणलं. यातली काही तशीच राहतील, कारण काही गोष्टी खरोखर कुणीतरी कराव्याच लागतात. पण बऱ्याच वाक्यांत तिला कर्ता करता येतं, आणि तसं करताना लक्षात येतं की अरे, हे तिला विचारलंच नव्हतं.

दवाखान्यातला प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा असेल. डाउन सिंड्रोम असलेला चाळीस वर्षांचा गृहस्थ समोर बसलाय आणि डॉक्टर त्याच्या बहिणीला विचारतात, ‘याला कुठे दुखतंय?’ बहिणीला ‘तुम्ही’, त्याला ‘हा’. ‘तुम्हाला कुठे दुखतंय?’ असं त्याच्याकडे बघून विचारलं आणि उत्तरासाठी थोडं थांबलं, तर बहुतेक वेळा तोच सांगेल. अडलं तर बहीण आहेच. ‘विशेष मुलं’ हा शब्दप्रयोगही प्रौढांसाठी कृपा करून वापरू नका. चाळिशीतल्या माणसाला मूल म्हटलं की त्याचं मत हट्ट ठरतं आणि त्याचं प्रेम खोडकरपणा.

‘हित’ आणि ‘इच्छा’ हे दोन शब्दही पुस्तिकेत येतीलच. हित दुसऱ्याला ठरवता येतं, इच्छा ज्याची त्यालाच असते. २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराचं बारावं कलम कायदेशीर क्षमता, म्हणजे हक्क असण्याची आणि ते वापरण्याची क्षमता, सर्वांना समान मानतं, आणि निर्णयासाठी लागेल तो आधार पुरवायला सांगतं. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१४मध्ये त्यावर स्पष्टीकरण दिलं : प्रयत्न करूनही एखाद्याचं म्हणणं कळत नसेल, तर ‘त्याच्या हिताचं काय’ असं न विचारता, त्याच्या इच्छेचा आणि आवडीनिवडींचा जास्तीत जास्त चांगला अर्थ लावायचा. पेरूने २०१८मध्ये आणि कोलंबियाने २०१९मध्ये याच दिशेने आपले कायदे बदलले. म्हणून ‘सपोर्टेड डिसिजन-मेकिंग’ला ‘आधार घेऊन निर्णय’ म्हणा. इथे ‘घेऊन’ महत्त्वाचं, घेणारा तोच.

आता ‘सामावून घेणे’. यात घेणारे आपण आणि आत येणारे ते. उद्या मन बदललं तर आपण घेणारही नाही. त्याच कराराचं एकोणिसावं कलम फार साधी गोष्ट सांगतं : कुठे राहायचं आणि कुणाबरोबर राहायचं हे इतरांइतकंच या व्यक्तींनीही निवडायचं, ठरावीक व्यवस्थेत राहण्याची सक्ती नाही. मी ‘समाजातलं जगणं’ किंवा ‘समाजजीवनातला सहभाग’ असं लिहीन. दहा जणांना एका गाडीतून बागेत नेऊन तासाभराने परत आणणं यात बसत नाही. एखादीच्या नावाचं वाचनालयाचं कार्ड आहे, पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल ग्रंथपाल तिच्याशी वाद घालतात आणि ती दंड भरते, हे बसतं.

एक अडचण उरते. ‘स्वयंनिर्णय’ जड आहे आणि पुस्तिका ज्यांच्याबद्दल आहे त्यांतल्या अनेकांना तो वाचायला अवघड जाईल. सोप्या आवृत्तीत सरळ ‘माझं मी ठरवणार’ असं लिहा, शेजारी चित्र द्या, अक्षर मोठं ठेवा. मसुदा छापायला देण्याआधी त्यांच्यापैकी काही जणांना वाचायला द्या, वाचून दाखवा, आणि त्या कामाचे पैसे द्या. त्यांनी वेगळा शब्द सुचवला तर माझा खोडून तो घाला.