थायरॉइडची गोळी सुरू केली आणि साखर वाढली, बंद करू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. डायबेटिसला आठ वर्षं झाली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. चार महिन्यांपूर्वी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, आकडा जास्त म्हणजे थायरॉइड मंद) ११ आला म्हणून थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. विसरायला नको म्हणून सकाळच्या चहाबरोबरच घेते, कॅल्शियमची पण तेव्हाच घेऊन टाकते. आता टीएसएच ९ आलाय आणि उपाशीपोटीची साखर १२५ ची १५० झालीय. शेजारच्या वहिनी म्हणतात थायरॉइडच्या गोळीनेच शुगर वाढते, बंद कर. करू का? आणि श्रावणात सोमवार, एकादशी असे उपास असतात, तेव्हा गोळ्यांचं काय करायचं?
एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, गोळी अजिबात बंद करू नका. वहिनी म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, थायरॉइड मंद असतो तेव्हा इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, आणि थायरॉइड ताळ्यावर आला की काही जणांना डायबेटिसचं औषध थोडं वाढवावं लागतं. पण तुमचा टीएसएच ११ वरून जेमतेम ९ वर आलाय, म्हणजे गोळी अजून नीट अंगी लागलेलीच दिसत नाही, मग साखरेचा दोष तिला कसा द्यायचा? साखर वाढण्याचं कारण वेगळं शोधायला हवं. अंग जड वाटतं म्हणून चालणं कमी झालंय का, जेवणाच्या वेळा बदलल्यात का, मधे कुठलं इन्फेक्शन झालं होतं का, हे तुमच्या डॉक्टरांना सांगा.

खरी अडचण तुमच्या सकाळच्या कपात आहे, चहा आणि कॅल्शियममुळे गोळी अंगात नीट शोषलीच जात नाही. थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा, कॉफी, नाश्ता सगळं अर्ध्या ते एक तासाने. मेथीचं पाणी, कारल्याचा रस घेत असाल तर तेही नंतरच. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी निदान चार तासांनी, म्हणजे दुपारच्या जेवणानंतर घेतलीत की प्रश्नच मिटला. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर आणि ग्लिमेपिराइड नाश्त्याच्या वेळेला, ती थायरॉइडच्या गोळीसोबत रिकाम्या पोटी घेऊन टाकू नका. आणि हे चहा-कॅल्शियमचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण नुसता ९ आकडा बघून ते ५० ची ७५ करतील, मग तुम्ही वेळ सुधारलीत की तीच गोळी जास्त व्हायची, छातीत धडधड, झोप नाही असं सुरू होईल. आधी वेळ सुधारायची, मग सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करायचा. तेवढे दिवस घरी ग्लुकोमीटरवर साखर बघत राहा, कारण थायरॉइड कमी असताना एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) कधीकधी आहे त्यापेक्षा थोडं जास्त दिसतं.

थकवा, पायाला मुंग्या असं काही असेल तर बी१२ व्हिटॅमिन पण तपासून घ्या, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने ते कमी होऊ शकतं आणि आपण सगळं थायरॉइडच्या नावावर खपवतो. कोलेस्टेरॉलही थायरॉइडमुळे वाढतं, टीएसएच नॉर्मल झाल्यावर ते पुन्हा बघायचं.

आता उपास. थायरॉइडची गोळी उपासाला पण घ्यायचीच, पाण्याबरोबर तर असते. मला काळजी ग्लिमेपिराइडची वाटते, ती घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम खाली येते, घाम, थरथर, चक्कर, आणि थायरॉइड कमी असताना हा धोका आणखी वाढतो. त्यामुळे उपासाच्या दिवशी ती किती घ्यायची की नाहीच घ्यायची हे श्रावणाच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलट साबुदाण्याची खिचडी भरपूर खाल्ली की साखर चढते, तेव्हा भगर थोडीच, सोबत दही, शेंगदाणे, काकडी असं घ्या. आणि साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायची, आणि त्या दिवशी नीट जेवायचं.