पहिल्यांदाच ट्रेक लीड करायचाय, चांगल्या लीडरमध्ये नेमके कोणते गुण लागतात?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातल्या २२ जणांना डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर न्यायचंय, खिरेश्वरहून चढून त्याच दिवशी उतरायचा बेत आहे, निम्मे जण कधी डोंगर चढलेले नाहीत. आणि तुमचा स्वभाव बुजरा, चारचौघांत आवाज चढत नाही, तेव्हा लीडर म्हणून आपण शोभू का, ही धास्ती.

बुजरेपणाची काळजी सोडा. सह्याद्रीत घोळका नीट नेऊन आणणारे पुष्कळ जण दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलतात. त्यांचं वेगळेपण दोन गोष्टींत असतं. कठीण निर्णय ते घरी, पोटभर जेवून, डोकं थंड असताना घेऊन टाकतात. आणि काही कंटाळवाण्या सवयी दमल्यावरसुद्धा मोडत नाहीत. दोन्ही शिकता येतात.

पहिला निर्णय वाटेचा. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाणारी वाट देखणी आहे, पण २२ जणांत ११ नवखे असताना एका दिवसात चढून उतरायला ती लांब पडते. खिंडीच्या वर कातळाचा उभा टप्पा आहे. तिथे रेलिंग आहेत, तरी उंचीला घाबरणारा एकच माणूस अडला की मागची सगळी रांग उन्हात ताटकळते. तो टप्पा संपला की लोकांना वाटतं गड आला. प्रत्यक्षात गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापर्यंत टेकाडामागून टेकाड येत राहतं, आणि धुक्यात किंवा अंधारात वाट चुकायची ती इथेच. त्याऐवजी पायथ्याच्याच पाचनई गावाहून नवख्यांना घेऊनही अडीच-तीन तासांत मंदिर गाठता येतं. गटातले दोन-तीन जुने ट्रेकर ‘पाचनईहून काय, कोणीही जातं’ म्हणून नाक मुरडतील. मुरडू द्या. घोळक्यातल्या सगळ्यात कच्च्या माणसाला झेपेल ती वाट निवडायची आणि त्यापायी चार टोमणे ऐकून घ्यायचे, एवढा कोडगेपणा लीडरकडे हवाच. नळीच्या वाटेचं, म्हणजे घळीतून उभ्या चढणाऱ्या अवघड वाटेचं, तर कोणी नावही काढलं तरी विषय बदला.

दुसरं, माणसं आधी ओळखून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणाला काही त्रास आहे का?’ असं विचारलंत तर २२ अंगठे येतील आणि खरं उत्तर एकही येणार नाही. प्रत्येकाला वेगळा फोन करा. ‘दम लागतो का?’ असं विचारू नका, त्यावर सगळे ‘नाही’च म्हणतात. विचारा, ‘ऑफिसचे चार मजले न थांबता चढता का? शेवटचे कधी चढलात?’ गुडघा, रक्तदाब, दमा, साखर, फिट येणे, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी, रोजच्या गोळ्या, हे एकेक नाव घेऊन विचारा. बुटांच्या तळव्यांचा फोटो मागवा. झिजलेला किंवा चिकटवलेला सोल पायथ्याशी लक्षात आला तर ‘आता आलोच आहोत तर’ हेच वाक्य ऐकू येतं. पाणी माणशी तीन लिटर, आणि प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी (टॉर्च). मोबाईलचा दिवा चालेल म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, कारण संध्याकाळी फोनची चार्जिंग वेगळ्या कामाला लागते. ज्याला नेणं धोक्याचं आहे त्याला नकारही याच फोनवर द्यायचा, एकट्याला, कारण सांगून. बसपाशी सगळ्यांसमोर दिलेला नकार माणूस विसरत नाही.

कामं वाटून द्या. तुम्ही पुढे असाल तर शेवटी कोण, हा निर्णय तुमच्या जागेइतकाच मोठा आहे. बॅक लीड म्हणून बहुतेक वेळा ज्याला हळू चालायला आवडतं त्याला नेमतात. ते चुकीचं आहे. तिथे दमदार आणि सोशिक माणूस लागतो: जो दिवसभर दुसऱ्याच्या चालीने चालेल, चिडणार नाही, आणि वेळ आली तर दोन सॅक उचलेल. त्याला एकच नियम सांगा, त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही, फोटोसाठी नाही की बुटाच्या नाडीसाठी नाही. औषधपेटी त्याच्याकडे द्या, कारण दुखावलेला माणूस नेहमी मागे पडतो. पेटी पुढे आणि माणूस मागे असला की पाऊण तास तिथेच जातो. मध्ये एक जण ठेवा. तिघांकडे शिट्ट्या द्या आणि खुणा ठरवा: एक म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत पाहिजे.

आता मोजणी. सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत महत्त्वाची सवय हीच. लीडर बोटाने डोकी मोजतो, कोणीतरी हलतं, आकडा २१ येतो, पुन्हा मोजलं की २३. मग ‘असतील सगळे’ म्हणून निघायचं. त्यापेक्षा बसमध्येच प्रत्येकाला नंबर द्या, आणि मोजताना ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने बोलायचा. नंबर तुमच्यासह २२ की तुम्हाला सोडून, हे पहिल्याच मोजणीत स्पष्ट करा. हा घोळ फार नेहमीचा आहे. मित्राच्या वतीने ‘बाराही आहे, येतोय मागून’ असं कोणी बोललं तर बारा आला नाही असंच धरा. याशिवाय दोघा-दोघांच्या जोड्या लावा आणि जोडीदार दिसत नसेल तर लगेच सांगायचं, हे बजावा. दोन मोजण्यांच्या मधला काळ जोडी सांभाळते.

मोजायचं कुठे? बसमधून उतरल्यावर, चालायला लागताना, प्रत्येक फाट्यावर, कातळटप्प्याच्या आधी आणि नंतर, मंदिरापाशी, कोकणकड्यावरून (गडाच्या पश्चिमेचा उभा कडा) निघताना, उतरायला सुरुवात करताना, पायथ्याशी, आणि बस सुटण्याआधी. दहा-बारा वेळा होईल. चौथ्यांदा लोक हसतील, सातव्यांदा वैतागतील, तरी मोजा. माणूस हरवतो तो अवघड जागी नव्हे, तिथे सगळे सावध असतात. तो हरवतो लघवीसाठी झाडीत गेल्यावर. त्यासाठी जुनी युक्ती आहे: वाट सोडून जायचं असेल तर सॅक वाटेवरच, दिसेल अशी ठेवून जायचं. बॅक लीडला सॅक दिसली की तो थांबतो. सॅक बरोबर नेली की तो पुढे निघून जातो, आणि परत आलेला माणूस चुकीच्या ढोरवाटेला (गुरांच्या पायवाटेला) लागतो.

चालीबद्दल थोडं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला तुमच्या लगेच मागे ठेवा, चाल त्याची धरा. लाज वाटू नये म्हणून त्याच्याशी गप्पा मारत राहा, गप्पा तुटल्या म्हणजे त्याला दम लागला, हे तुम्हालाही कळतं. विश्रांतीच्या वेळी नवखे लीडर एक अन्याय हमखास करतात. पुढचे दहा जण पोहोचतात, दहा मिनिटं बसतात, शेवटचा दमलेला माणूस धापा टाकत येतो आणि तेवढ्यात पुढचे म्हणतात, ‘आले सगळे, चला.’ ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज त्याला ती शून्य. म्हणून घड्याळ शेवटचा माणूस खाली बसल्यापासून लावा, तिथून पुढे पाच ते सात मिनिटं.

मागे फिरायची वेळ आदल्या रात्री कागदावर लिहा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, झाडीत आणि घळीत अंधार त्याआधीच पडतो. उतरायला अडीच तास धरा, पाय मुरगळला, कोणाला उलटी झाली यासाठी दीड तास. म्हणजे दीड वाजता मंदिरापासून उतरायला लागायचं. सकाळी सातला निघालात तर दहापर्यंत मंदिर, केदारेश्वराची गुहा, पुढे कोकणकडा, सगळं यात बसतं. तारामतीचं शिखर बसेलच असं नाही. ही वेळ पायथ्याशी सगळ्यांना सांगा, ‘दीड वाजता जिथे असू तिथून परत.’ आधी सांगितलेली वेळ नियम ठरते. कड्यावर ऐनवेळी सांगितली तर ती तुमची लहर वाटते, मग वाद होतात, आणि बुजऱ्या माणसाची तिथेच पंचाईत होते. पूर्वी जाहीर केलं असेल तर तुम्हाला फक्त घड्याळ दाखवायचं असतं.

कोकणकड्याच्या कडेला मात्र आवाज चढला तरी चालेल. काठ आतून पोखरलेला आहे आणि खालून वारा जोरात येतो. बघायचं असेल तर पोटावर झोपून, पाय कोणीतरी धरून, एका वेळी एक. काठाला पाठ करून सेल्फी कोणाचीच नाही, तुमच्या साहेबांचीही नाही. (ऑफिसच्या ट्रेकला साहेब बरोबर असणं हीच लीडरची खरी परीक्षा. त्यांना बसमध्येच एकदा सांगून ठेवा की उतरेपर्यंत शब्द तुमचा चालेल. समंजस साहेबांना त्यात गंमत वाटते.)

वाट चुकली असं वाटलं तर? इथे गुण लागतो तो ‘मला कळत नाहीये’ हे मोठ्याने म्हणण्याचा. चुकलेला लीडर शक्यतो गप्प बसतो आणि चाल वाढवतो. थांबा, सगळ्यांना बसवा, शेवटची खात्रीची खूण कोणती होती ते आठवा आणि आलात तसेच तिथवर परत जा. ओढा धरून खाली उतरू नका. इतरत्र ही युक्ती चालत असेल, पण सह्याद्रीतला ओढा पुढे कड्यावरून उडी मारतो, आणि घसाऱ्यावरून उतरलेलं परत चढता येत नाही. दगडावर रंगवलेला बाण नाही, पायवाट मळलेली नाही, कारवीच्या झुडपांतून अंग घासत जावं लागतंय, असं दहा मिनिटं चाललं तर ती बहुधा ढोरवाट आहे. खरं म्हणजे पहिल्या खेपेला पाचनईतला वाटाड्या घ्याच. पैसे आधी ठरवा, जेवण आपल्याबरोबर द्या, आणि त्याला सांगा की चाल आमची. नाहीतर तो त्याच्या पायांनी जातो आणि घोळक्याची दोन तुकड्यांत फाळणी होते.

अवघड पावलावर कोणी थिजलं तर दहा जण दहा सूचना देतात, ‘काही होत नाही’, ‘डावा पाय’, ‘खाली बघू नकोस’. बाकीच्यांना गप्प करा, एकानेच बोला. ‘काही होत नाही’ म्हणून त्याची भीती जात नाही, ‘उजवा पाय या खाचेत, मी धरलाय’ याने जाते. उभ्या पायऱ्या उतरताना तोंड कातळाकडे ठेवायला सांगा. चढताना कौतुक करा, उतरताना लक्ष ठेवा. गुडघे थकलेले असतात, मन घरी पोहोचलेलं असतं, आणि घसरण्याचे प्रकार तेव्हाच होतात.

स्वतःचं पाणी प्या. लीडर इतरांना आठवण करतो आणि स्वतःची बाटली भरलेलीच परत आणतो. तहानेने आणि अपुऱ्या झोपेने आधी जाते ती बुद्धी, पाय नंतर. रात्रभर प्रवास असेल तर तुम्ही झोपा, जागं राहून गाण्यांच्या भेंड्या घ्यायला दुसरे आहेत. आणि कुठल्याही परिस्थितीत ट्रेक करून आलेल्या माणसाला गाडी चालवायला लावू नका. चालक वेगळा ठेवा आणि तो दिवसा झोपलाय याची खात्री करा. माझ्या मते अशा सहलींतला मोठा धोका डोंगरापेक्षा परतीच्या रस्त्यावर असतो.

अपघात झालाच तर गडबडून जाऊ नका, बाकीच्यांना सुरक्षित जागी बसवा. मग बॅक लीड जखमीपाशी, तुम्ही संपर्काला. ११२ किंवा १०८ लावा. बचाव पथकांचा समन्वय करणारं महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्याचा क्रमांक निघण्याआधी तिघांच्या फोनमध्ये घालून ठेवा. सांगताना क्रम ठेवा: कोणत्या वाटेवर, कोणत्या खुणेजवळ, किती जखमी, शुद्धीत आहेत का, हलवता येईल का, फोनची बॅटरी किती उरली. रेंज नसेल तर एकट्याला धाडू नका, दोघांना धाडा, आणि हेच सगळं कागदावर लिहून द्या. धावत गेलेला माणूस अर्धं विसरतो. डोकं आपटलं असेल किंवा मान-पाठ दुखतेय म्हणत असेल तर उचलून न्यायचा उत्साह आवरा, ऊब द्या, बोलतं ठेवा.

हिशोब दुसऱ्याकडे सोपवा आणि दोन दिवसांत ग्रुपवर टाकायला सांगा. पैशावरून कुजबुज सुरू झाली की पुढच्या वेळी तुमचं ‘मागे फिरा’ही कोणी मनावर घेत नाही.

आणि सकाळी पाचनईत ज्या घरी जेवण सांगून निघालात, तिथे किती जण, कोणत्या वाटेने, कधीपर्यंत परत, हे सांगून ठेवा. उतरल्यावर बसमध्ये शेवटची मोजणी झाली की त्याच घरी ‘सगळे आलो’ म्हणून कळवा आणि मगच निघा. न कळवता निघून गेलात तर अंधार पडल्यावर ती माणसं बॅटऱ्या घेऊन तुम्हाला शोधायला गडाकडे निघतात.