‘हीरो’ या चिनी चित्रपटात तीच गोष्ट वेगवेगळ्या रंगांत का दाखवली आहे?

कारण दर वेळी ती सांगणारा किंवा सांगण्याचा हेतू बदलतो. झांग यिमूच्या या चित्रपटात (2002) जेट लीचा अनामिक योद्धा छिन या प्राचीन चिनी राज्याच्या राजाला तीन मारेकऱ्यांचा आपण कसा नि:पात केला ते सांगतो. ही पहिली कहाणी लाल: मत्सर, सूड, वासना. राजा काही खुळा नाही. तो म्हणतो, असं घडलंच नसेल, आणि स्वतःचा तर्क मांडतो. तो निळा, त्यात त्याग आहे. खरं काय घडलं ते पांढऱ्यात येतं, आणि त्याहून जुन्या आठवणी हिरव्यात. राजाचा दरबार मात्र काळाकरडाच राहतो.

यात मोठा वाटा एमी वाडाच्या वेशभूषेचा आणि ख्रिस्तोफर डॉयलच्या छायाचित्रणाचा. पिवळ्या पानांच्या रानातली दोघींची झुंज बघा: एकीचा जीव जातो आणि सगळं रान लाल होतं. तारांवर लटकून केलेली ती उड्डाणं खरी वाटावीत असा आग्रहच नाही. तिथे तलवार म्हणजे नृत्य.

शेवट मला खटकतो. खरं तर राजाला मारायलाच आलेल्या या योद्ध्याने, देश एक व्हावा म्हणून, त्या जुलमी राजाला जिवंत सोडायचं? यावर तेव्हाही बरीच टीका झाली होती.