बडोद्यात घरच्या टाकीत क्लाउनफिश आणि ॲनिमोन एकत्र ठेवता येतील का?

तुम्ही विचारलंय की तीन फुटी टाकी पुरेल का, खंभातच्या आखाताचं पाणी आणून भरलं तर चालेल का, आणि मासे व ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) एकाच दिवशी सोडता येतील का. टाकी पुरेल. बाकी दोन्हींना नाही.

आधी पाण्याचं. आखात गाडीनं जवळ असलं तरी मही, नर्मदा, तापी यांचा गाळ आणि जबरदस्त भरती-ओहोटी यांमुळे तिथलं पाणी कायम गढूळ असतं. पावसाळ्यात त्याचा खारेपणा कोसळतो, शिवाय कारखान्यांचं सांडपाणी मिसळतं ते वेगळंच. क्लाउनफिश हा प्रवाळाच्या नितळ पाण्यातला मासा आहे. म्हणून मरीन टाकीचं तयार मीठ घ्या, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम. ९० × ४५ × ४५ सेंमीच्या टाकीत दगड घातल्यावर दीडशे लिटर पाणी मावतं, म्हणजे पहिल्या भरणीला साडेपाच किलो मीठ लागेल. खडेमीठ चालत नाही. ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड असतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट कुठून येणार?

मीठ कालवायचं पाणी शून्य टीडीएसचं, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेलं हवं. महीचं, आजवा तलावाचं की बोअरचं, याला महत्त्व नाही. घरच्या आरओत चवीसाठी टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, तो पूर्ण बंद करा आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा. कच्च्या पाण्यातून फॉस्फेट आलं तर शेवाळ माजतं, आणि पितळी फिटिंगमधून तांबं उतरलं तर ॲनिमोन मरतो. कालवलेलं पाणी पंप लावून दिवसभर फिरवा, मग विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ आहे का बघा. खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणानं जुळवून घ्या. काट्याच्या प्लास्टिक हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला की आकडा चुकतो.

बडोद्यात खरी परीक्षा मे महिन्यात. खोली ३६ अंशांवर, त्यात पंप आणि दिव्यांची उष्णता. ॲनिमोनला २५ ते २७ अंश हवेत. पाणी बरेच दिवस ३० च्या वर राहिलं तर तो अंगातलं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हे शैवालच त्याला उजेडातून अन्न करून देतं. टाकीवर पंखा सोडला तर कोरड्या एप्रिल-मेमध्ये दोन-तीन अंश उतरतात, पण जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नाही आणि पंखा नुसता फिरतो. त्यामुळे मी चिलरशिवाय ॲनिमोन घ्या असं सांगणार नाही. १/१० हॉर्सपॉवरचा कागदावर पुरतो, पण इथल्या उन्हाळ्यात अखंड चालत राहतो; एक माप मोठा घ्या आणि स्टँडच्या बंद कपाटात कोंडू नका. जानेवारीच्या रात्रींसाठी २०० वॉटचा हीटरही हवा.

उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. दीडशे लिटरमधून सहा लिटर उडाले की ३५ पीपीटीचे साडेछत्तीस होतात. म्हणून रोज भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याची. चार दिवस गावाला जाणार असाल तर उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ लावा. शेजाऱ्यांवर सोपवू नका. ते मिठाचंच पाणी ओततील.

दगड कोरडे घ्या. जिवंत दगडी पोवळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ती कोणी देऊ केली तरी घेऊ नका. अमोनियम क्लोराइडनं अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत दोन भाग) आणून सायकल, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवणं, सुरू करा. चार ते सहा आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर टिकू लागले की मासे येऊ शकतात. ॲनिमोन मात्र सहा महिन्यांनंतर, आठ झाले तर उत्तम. तोवर नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्यातलं बायकार्बोनेट; डीकेएच हे त्याचं माप) ८ ते ९ डीकेएचवर स्थिर राहायला हवी. नायट्रेट शून्यावर नेऊ नका, ॲनिमोनमधल्या शैवालाला ते थोडं लागतंच.

मासे दोनच, हॅचरीतले, लहान आणि एक दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो. दोन सारख्याच मोठ्या माशांत मारामारी जुंपते आणि मागाहून सोडलेल्या तिसऱ्याला सहसा जगू देत नाहीत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण नाही. चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तांब्याचं औषध द्यायचं तर तिथेच. मुख्य टाकीत ते पडलं की ॲनिमोन गेला.

ॲनिमोन बबल-टिप जातीचा घ्या. साध्या नारिंगी ओसेलारिस क्लाउनफिशचं निसर्गातलं घर तो नाही, पण टाकीत बहुतेक वेळा स्वीकारतात. कार्पेट जातीचा ॲनिमोन सुंदर दिसतो, पण नवशिक्यानं त्याच्या वाट्याला जाऊ नये. शक्य तर दुसऱ्या हौशी माणसाकडचा, टाकीतच दुभंगून झालेला घ्या. तोंड मिटलेलं, पाय न फाटलेला, रंग तपकिरी, हिरवा किंवा तांबूस हवा. पांढराफटक म्हणजे उपाशी; भडक पिवळा किंवा गुलाबी बऱ्याचदा रंगवलेला निघतो. एप्रिल ते जूनमध्ये पार्सलनं मागवू नका.

तासभर थेंबथेंब टाकीचं पाणी देऊन मग दगडाच्या खोल फटीत पाय टेकवा. काही तास वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारा पंप) बंद आणि दिवे मंद ठेवा. जागा पटली नाही तर तो चालू लागतो, आणि अशा टाक्या बुडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे चालता चालता वेव्हमेकरमध्ये ओढला जाऊन झालेला चुरा. प्रत्येक पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी आधीच बसवा.

मासे ॲनिमोनमध्ये शिरायला एक दिवस घेतील किंवा सहा महिने. ढकलून काही होत नाही. ॲनिमोनला आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा पुरे. घरात सामिष चालत नसेल तर गोठवलेल्या मायसिसची (कोळंबीसारखा बारीक जीव) वडी वेगळ्या डब्यात ठेवता येते. फ्रीझरवरून घरात होणारा वाद मात्र तुम्हीच मिटवायचा.

अधूनमधून ॲनिमोन आक्रसून तपकिरी दोरे टाकतो, ते नेहमीचं आहे. पण तोंड उघडं पडलं, कडा विरघळू लागल्या आणि कुजका वास आला तर सकाळची वाट न बघता बाहेर काढा. निम्मं पाणी बदला, ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि पुढचे तीन दिवस रोज अमोनिया तपासा.