ताकिले बेटावर मुक्काम करायचा तर

तुम्ही विचारलंय की पेरूला जाताना तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर, गावातल्याच एखाद्या घरात एक रात्र राहायचं आहे. बरोबर साठीच्या पुढचे आई-बाबा आहेत, चौघंही शाकाहारी. जमेल का आणि काय सांभाळायचं?

जमेल. जेवणाची काळजी तुम्ही जेवढी करताय तेवढी करू नका, उंचीची मात्र करत नसाल तर आजपासून करा. सरोवराचं पाणीच ३,८१० मीटरवर आहे. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी पाचशे मीटर कमी पडतात. ताकिलेचा मुख्य चौक त्याहून शंभर-सव्वाशे मीटर वर, म्हणजे लेहपेक्षा बराच उंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लिमाहून विमानाने थेट हुलियाकाला उतरणं. पुनो या सरोवराकाठच्या शहराला, जिथून बेटाच्या होड्या सुटतात, जवळचा विमानतळ तोच, त्यामुळे तिकीट शोधताना तो मार्ग सोपा दिसतो. पण लिमा समुद्रकाठी आहे. दीड-दोन तासांत शरीर ३,८०० मीटरवर येतं आणि संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायला लागतं. त्यापेक्षा आधी अरेकिपाला (२,३३५ मीटर) दोन रात्री काढा, मग बसने पुनोला या, तिथे आणखी दोन रात्री राहा आणि मगच बेटावर जा. कुस्कोत आधीच तीन-चार दिवस झाले असतील तर उत्तमच, तिथून बसने सहा-सात तास लागतात. आई-बाबांना रक्तदाब, हृदय किंवा दम्याचा त्रास असेल तर भारतातच डॉक्टरांना विचारून घ्या. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्स गोळीचंही तिथेच विचारा; सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती गोळी परस्पर घेऊ नये.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्रास झाला की खाली उतरा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण बेटावरून पुनोला परत आलात तरी तुम्ही जवळपास तेवढ्याच उंचीवर असता! खाली उतरायचं म्हणजे अरेकिपा किंवा लिमा. त्यात रात्री बेटावरून नियमित होडी नसते. म्हणून पुनोत दुसऱ्या दिवशीही डोकेदुखी, मळमळ, अन्नावर वासना नसणं हे चालूच असेल, तर बेट रद्द करा. बसल्या जागी धाप लागणं किंवा चालताना झोक जाणं दिसलं तर सकाळचीही वाट बघायची नाही.

आता होडी. पुनोच्या धक्क्यावरून सकाळी सात-आठच्या दरम्यान होड्या सुटतात. बहुतेक होड्या आधी उरोस लोकांच्या तरंगत्या, लव्हाळ्याच्या बेटांवर थांबतात आणि मग संथपणे ताकिलेला येतात. उरोसवरचा वेळ सोडला तर तीनेक तास धरा. एजन्सीत दोनच गोष्टी सहज मिळतात: एका दिवसाची फेरी, किंवा आमांतानी बेटावर मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी ताकिलेवर जेवण. तुम्ही ताकिलेवर राहायचं म्हणालात तरी समोरचा मान हलवतो आणि पावतीवर आमांतानी लिहितो. आमांतानी वाईट मुळीच नाही, पण मुक्काम कुठल्या बेटावर आहे हे पावतीवर नावानिशी वाचा. मी सांगेन, धक्क्यावर बेटवासीयांच्या स्वतःच्या होड्यांची चौकशी करा. भाडं आणि मुक्कामाचे पैसे थेट गावात जातात आणि घर तेच लोक ठरवून देतात. परतीचा दिवसही तिकिटावर लिहून घ्या. परतीच्या होड्या दुपारी दोन-अडीचच्या सुमारास निघतात. सरोवरावर वारा उठला की वेळापत्रक कोलमडतं, तेव्हा त्याच संध्याकाळचं विमान किंवा रात्रीची बस ठरवू नका.

मुक्काम करण्यात मजा आहे ती या दोन-अडीचनंतरच. त्याआधी चौकात पर्यटकांची जत्रा असते. होड्या गेल्या की बेट आपल्या कामाला लागतं: मेंढ्या परत आणणं, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात बटाटे काढणं, आणि पुरुषांचं विणकाम. हो, इथे टोप्या पुरुष विणतात, तेही चालता-चालता. बारीक सुया, बारीक लोकर, त्यामुळे वीण इतकी घट्ट की हातात घेतल्यावर यंत्राची वाटावी. पूर्ण तांबडी टोपी म्हणजे लग्न झालेला, वरचा अर्धा भाग पांढरा म्हणजे अविवाहित. गोंडा कुठल्या बाजूला लोंबतो यावरूनही गाईड बरंच काही सांगतात. ते ऐकून घ्या, विश्वास जपून ठेवा. कमरपट्टे बायका विणतात, जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेल्या मागावर, आणि काही पट्ट्यांत शेतीचं वर्षभराचं कॅलेंडर चित्रांनी उतरलेलं असतं. २००५ मध्ये युनेस्कोने या वस्त्रकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. खरेदी चौकातल्या सहकारी दुकानातून करा. किमती ठरलेल्या असतात, घासाघीस करायची नाही. एका टोपीमागे किती दिवस गेले ते विचारलंत तर करावीशी वाटणारही नाही.

कमरेला विणलेली छोटी पिशवी दिसेल, तिला चुस्पा म्हणतात. आपल्या आजोबांची चंचीच म्हणा ना. फक्त आत पान-सुपारीऐवजी कोकाची पानं. दोन पुरुष वाटेत भेटले की एकमेकांच्या पिशवीत चिमूटभर पानं टाकतात, हाच रामराम. तुम्हाला दिली तर दोन्ही हातांनी घ्या, चघळली नाहीत तरी चालेल. मात्र एकही पान, कोकाच्या चहाची एकही पुडी बॅगेत घालून भारतात आणू नका. अंमली पदार्थांच्या कायद्यात ते बसतं. नोकरीत लघवीची तपासणी होत असेल तर तो चहाही टाळा.

बेटावर मोटार नाही, रस्ता नाही, फरसबंद पायवाटा आहेत. मुख्य धक्क्यापासून चौकापर्यंत पाचशेहून अधिक दगडी पायऱ्या. उंची कमी असती तर पंधरा मिनिटांचं काम. इथे आई-बाबांना पाऊण-एक तास द्या, दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर थांबा. दुसऱ्या एका धक्क्यावरून चढ बराच सौम्य आहे, तिथे उतरवा असं होडीवाल्याला निघतानाच सांगा. मोठ्या बॅगा पुनोच्या हॉटेलात ठेवा आणि पाठीवर एकच पिशवी घ्या.

घर म्हणजे विटा-मातीच्या भिंतींची साधी, स्वच्छ खोली, जाड गोधड्या, आणि संडास बहुधा अंगणापलीकडे. खोली गरम करायची सोय नाही. जून ते ऑगस्ट आकाश निरभ्र असतं, पण रात्री पारा शून्याखाली जातो. थर्मल, कानटोपी, हातमोजे, डोक्याला बांधायची बॅटरी आणि रबरी गरम पाण्याची पिशवी घ्या. ती पिशवी आईंना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल. आंघोळ पुनोला. दिवसा ऊन मात्र भाजून काढतं, सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नका. जानेवारी ते मार्च पाऊस असतो. मोठ्या हॉटेलची अपेक्षाच ठेवू नका: गावकऱ्यांनी १९३० च्या दशकापासून जमीनदारांकडून ही जमीन थोडी थोडी विकत घेत सोडवली आहे, आणि बाहेरच्यांना ती विकत नाहीत.

जेवण. किन्वाचं सूप, उकडलेले बटाटे, ओका नावाचं आंबटगोड कंद, भात, अंडं, तळलेलं चीज, वर मुन्याचा चहा. मुन्या म्हणजे पुदिन्याच्याच कुळातली रानटी वनस्पती, चढून आल्यावर पोटाला बरी. अडचण एकच: सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं आणि त्यांच्या लेखी ते शाकाहारीच असतं. म्हणून घर ठरवतानाच सांगा, "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन काल्दो दे कार्ने", म्हणजे मांस, कोंबडी, मासे नकोत आणि मांसाचं पाणीही नको. अंडं चालत नसेल तर तेही आधीच, "सिन उएवो". कंदमुळं न खाणाऱ्या जैन मंडळींची इथे पंचाईत आहे, पण उपवास करणाऱ्यांची चंगळ: बटाट्याचं माहेर हाच परिसर. पाणी उकळलेलंच मागा. लसणाची चटणी न्यायला हरकत नाही, पण ताटात घेण्याआधी यजमानांनाही वाढा.

बेटावर एटीएम नाही. दहा-वीस सोलच्या (पेरूचं चलन) नोटा न्या, शंभराला सुटे मिळत नाहीत. यजमानांसाठी तांदूळ, साखर, तेल, फळं पुनोच्या बाजारातून घ्या. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत फिरू नका, त्याने मुलं पर्यटकांमागे हात पसरायला शिकतात. फोटोआधी विचारा. भाषा केचुआ आहे, स्पॅनिश पुरुषांना अधिक येतं; "आयियांचू" म्हणजे कसे आहात, "सुल्पायकी" म्हणजे आभार.

कागदपत्रांचं शेवटी, पण विसरलात तर परतताना अडकाल. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूचा पर्यटक व्हिसा लागत नाही. तरी निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करा. दुसरं, पेरू हा भारताच्या पीतज्वर यादीतला देश आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात तर लशीचं प्रमाणपत्र मागतात, नसेल तर विलगीकरण. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीपुढच्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यामुळे आई-बाबांचं परतीचं तिकीट काढण्याआधी हा प्रश्न सोडवा.