ऐन हंगामातला विसावा

प्रिय लेकी,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही, डेंग्यूचे आणि तापाचे पेशंट कॉरिडॉरपर्यंत आलेत, नाइटनंतरचा ऑफसुद्धा कधी कधी रद्द होतो आणि उपासनेला जाणं सुटलंय, हे सगळं वाचलं. शेवटी तू विचारलंस, "बाई, हे गर्दीचे दिवस सरले की मग निवांत विसावा घेईन, चालेल ना?"

माझं उत्तर 'नाही' असं आहे. का, ते सविस्तर लिहिते.

पाऊस परतला की आजारपणं वाढतात, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जुने लोक शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणत, कारण या दिवसांत त्यांना रोग्यांची ददात नसे. साचलेल्या पाण्यात डास होतात, दुपारी ऊन चटके देतं, पहाटे अंगावर पांघरूण लागतं. तेव्हा शेतकऱ्याला जशी सुगी, तसा तुम्हा नर्सेसना हा ऑक्टोबर. आणि नेमकं अशाच दिवसांबद्दल पवित्र शास्त्रात, बायबलात, एक वचन आहे. शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा सगळ्यांना पाठ असते, पण निर्गम या पुस्तकातलं 34:21 फारसं कुणी उघडत नाही. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, एवढं सांगून देव तिथे थांबत नाही. नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही विसावा घे, असं तो पुढे सांगतो. ज्या दिवसांत शेतकऱ्याच्या जिवाला एक तासही उसंत नसते, तेच दिवस त्याने नाव घेऊन सांगितले आहेत.

मी हे वचन पहिल्यांदा पुस्तकात नाही, शेतात पाहिलं. आपल्या नगरकडे बाजरीची काढणी उरकली की रब्बी ज्वारीच्या पेरणीची घाई असते. वाफसा आला की दोन-चार दिवसांत पाभर चालवावी लागते, नाही तर ओल उडून जाते. माझे वडील शेतकरी होते आणि मंडळीचे डीकनही. शनिवारी वाफसा आला तर ते दिवस मावळेपर्यंत पेरत आणि रविवारी पाभर जुंपत नसत. शेजारचे लोक बांधावरून हाका मारत, "अहो, ओल जाईल!" काही वर्षी ती खरंच गेली. त्या वर्षी ज्वारी विरळ उगवली आणि घरात ते जाणवलं. हे तुला मुद्दाम सांगते, कारण हल्ली विसाव्याची शिफारस फायद्याच्या हिशेबाने होते. एक दिवस थांबलीस तर सहा दिवस दुप्पट काम होईल, असं लोक सांगतात. तसं झालं तर बरंच आहे, पण देवाने असं वचन दिलेलं नाही. वडील थांबायचे ते पीक वाढावं म्हणून नव्हे. शेत त्यांचं असलं तरी आपण शेताचे गुलाम नाही, हे त्यांना आठवडाभरात एकदा तरी देवासमोर म्हणायचं असे.

'गुलाम' हा शब्द मी शास्त्रातूनच घेते आहे. दहा आज्ञा दोनदा येतात. निर्गमात शब्बाथाचं कारण सृष्टीची उत्पत्ती आहे. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळं आहे: तू मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला तिथून बाहेर काढलं, याची आठवण ठेव. मिसरात विटा पाडणाऱ्यांना सुटी नव्हती. मिसरच्या राजाकडे, फारोकडे, रजेचा अर्ज घेऊन गेलेल्या मोशेला काय उत्तर मिळालं, ते निर्गमाच्या पाचव्या अध्यायात वाच. काम वाढवलं गेलं आणि लोक आळशी झालेत असं त्यांना ऐकवलं गेलं. स्वतःला ऑफ घेताना तुझ्या मनात जो 'आळशी' असा आवाज उमटतो ना, तो आपल्या मेंढपाळाचा, प्रभूचा, नाही. तो ओळखायला शीक.

तुला वाटतं की तुझ्यावाचून वॉर्डाचं अडेल. पण ड्यूटी संपताना तू काय करतेस? बेडनुसार एकेक पेशंट पुढच्या सिस्टरला समजावून देतेस, कुणाचं सलाईन कधी संपेल, कुणाच्या प्लेटलेट पुन्हा पाहायच्या आहेत ते सांगतेस आणि बाहेर पडतेस. हँडओव्हर दिल्यावर पुन्हा आत जाऊन सगळं तपासत बसलीस तर पुढच्या सिस्टरवर तुझा भरवसा नाही, असाच त्याचा अर्थ होईल. शब्बाथाच्या आदल्या संध्याकाळी हेच देवासमोर कर. ज्यांची काळजी वाटते त्यांची नावं घे, जे राहिलं ते सांग आणि मग त्याच्या हाती सोपव. स्तोत्र 121 म्हणतं की इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपतही नाही. दोघांनी जागं राहायची गरज नाही.

आता रविवारचा प्रश्न. रविवारी ड्यूटी लागली म्हणून आज्ञा मोडली असं मनात आणू नकोस. येशूने वाळलेल्या हाताचा माणूस शब्बाथ दिवशीच बरा केला. 18 वर्षं वाकलेली ती बाईही त्याने सभास्थानात, शब्बाथ दिवशीच सरळ उभी केली. रोग्याची सेवा कोणत्याही वारी पवित्रच. पण तुझा विसाव्याचा दिवस रविवारी येत नसेल, तर तो कधी येतो ते तुला ठरवावं लागेल, नाही तर तो येणारच नाही. शास्त्रात दिवस संध्याकाळी सुरू होतो: संध्याकाळ झाली, सकाळ झाली. प्रायश्चित्ताचा दिवसही एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाळायचा असतो. नाइट करणाऱ्यांना हा हिशेब फार सोयीचा आहे. नाइट संपवून सकाळी खोलीवर ये आणि दिवसभर झोप. संध्याकाळी उठलीस की दिवा लाव आणि तिथून पुढचे चोवीस तास तुझा शब्बाथ.

आधी झोप, हे मी विचार करून लिहिते आहे. थकलेल्या माणसाने प्रार्थनेला बसावं असं आपली चांगली माणसं सांगतात, आणि तो गुडघ्यांवर पेंगतो. 1 राजे 19 मधला एलीया संदेष्टा बघ. ईजबेल राणीच्या धाकाने पळालेला, मरण मागणारा तो एका झुडपाखाली निजला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवरची भाकर आणि पाण्याचा चंबू दिला. खाऊन एलीया पुन्हा झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खायला दिलं. मग चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेबला पोचला आणि वारा, भूकंप, अग्नी यांनंतर ती मंद वाणी त्याच्या कानी आली. देव आधी शरीराकडे पाहतो, हे आपण नर्सेसनी तरी विसरू नये. (मी नर्स नाही, पण तुमच्या वसतिगृहाच्या उपासना इतकी वर्षं घेतल्या की आता 'आपण' असंच लिहिलं जातं.)

मनन करायला शरद ऋतू फार चांगला. इस्राएलाच्या वर्षात सातवा महिना हाच, आपला सप्टेंबर-ऑक्टोबर. पहिल्या दिवशी कर्णे, दहाव्या दिवशी प्रायश्चित्त, पंधराव्यापासून सात दिवस मांडवांचा सण. खळ्यातलं आणि द्राक्षकुंडातलं गोळा झाल्यावर घर सोडून डहाळ्यांच्या मांडवात राहायचं आणि आनंद करायचा. आपल्याकडे पाऊस जातो तेव्हा त्यांच्याकडे तो यायचा असतो, म्हणून सगळी कोठारं भरूनही माणूस आभाळाकडे पाहतो. येशू स्वतः या सणाला यरुशलेमेस गेला होता, योहान 7 मध्ये आहे. आधी गुपचूप गेला आणि सणाच्या शेवटच्या दिवशी उभा राहून म्हणाला की ज्याला तहान लागली आहे त्याने माझ्याकडे यावं.

याच महिन्याची आणखी एक गोष्ट तुझ्या अपराधी वाटण्यावर आहे. नहेम्या 8. एज्राने पाणीवेशीजवळच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचलं आणि लोक रडू लागले, कारण इतकी वर्षं त्यांनी ते पाळलं नव्हतं. त्यांना सांगितलं गेलं की रडू नका. जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या आणि ज्याच्या घरी काही शिजलं नाही त्यालाही वाटा पाठवा. तेव्हा मंडळीत जाता आलं नाही म्हणून डोळे पुसत बसू नकोस. खोलीवर काही तरी नीट शिजव आणि वसतिगृहात जिची आज नाइट आहे तिच्यासाठी डबा भरून ठेव.

वाचायला आरोहणस्तोत्रं घे, 120 ते 134. पंधराच आहेत आणि बहुतेक लहान. सगळी एका बैठकीत संपवू नकोस. एक वाच, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि वीसेक मिनिटं गप्प बस. मन वॉर्डात जाईल. जाऊ दे, परत आण. 131 मध्ये दूध तुटलेलं मूल आईजवळ कसं शांत असतं ते आहे. त्याला आता काही मागायचं नसतं, नुसतं जवळ राहायचं असतं. आणि 134 तर तुमचंच आहे. रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठीचं स्तोत्र आहे ते.

आज्ञेतला एक भाग मात्र सोडू नकोस. विसावा तुझ्या एकटीचा नाही. दास, दासी, परका, बैल, गाढव, सगळ्यांची नावं तिथे आहेत. आपल्याकडे बैलाला पोळ्याचा दिवस मिळतो, शास्त्राने त्याला दर आठवड्याला दिला. तू ऑफला गावी जातेस तेव्हा तुझी आई पहाटेपासून चुलीपाशी असते, हे मी पाहिलंय. एका ऑफला तिला बसव आणि स्वयंपाक तू कर. वॉर्डातल्या मावशींनाही विचार, त्यांची सुटी कधी असते.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. त्याच्या कितीतरी आधी नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू होईल आणि तुझा आवाज चांगला म्हणून सगळे तुलाच धरतील. या वर्षी एकच काम घे. क्वायर घे किंवा संडे स्कूलचं नाटक घे, दोन्ही नको. पाळकसाहेबांना सांगायला जड वाटत असेल तर माझं नाव सांग.

नोव्हेंबरच्या ड्यूट्या लागल्या की तुझा दिवस मला कळव. तो मी माझ्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवीन, म्हणजे त्या दिवशी माझा फोन तुला येणार नाही आणि इकडे मी तुझ्यासाठी प्रार्थना करीन.

तुझी,
बाई