रात्रभर लाईन नव्हती, सकाळी लहान रीफ टाकीचे पाणी दुधाळ झाले. आधी काय करावे?

तुमचा प्रश्न असा आहे : दर्यापूर तालुक्यातील गावी 90 लिटरची रीफ टाकी (समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी) आहे, वादळामुळे रात्रभर लाईन नव्हती, सकाळी पाणी दुधाळ दिसले, क्लाऊनफिश वर येऊन धापा टाकत आहेत, झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) मिटले आहेत, अमोनिया 1 पीपीएम आणि तापमान 32 अंश आहे, तेव्हा पीएच वाढवणारे औषध घालावे का, आणि बोअरचे पाणी खारेच असल्यामुळे तेच बदलून घालता येईल का?

दोन्ही गोष्टी करू नका. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यांपैकी जे रूप माशांच्या कल्ल्यांतून शरीरात शिरते, त्याचे प्रमाण पीएच आणि उष्णता यांबरोबर वाढत जाते, पीएच 7.8 वरून 8.2 झाला तर तेच 1 चे रीडिंग जवळजवळ अडीचपट घातक ठरते. रात्रभर हवा न मिळालेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो आणि हवा मिळाली की तो आपणहून वर येतो. म्हणून औषधाची बाटली आज बाजूला ठेवा.

पहिले काम प्राणवायूचे आहे. 25 अंशांच्या समुद्री पाण्यात प्राणवायू लिटरला पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 32 अंशांना तो सहाच्या जवळ येतो, आणि पाणी दुधाळ करणारे जिवाणू त्यातलाच वाटा खातात. लाईन अजून आली नसेल तर स्वच्छ तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहा. हे कंटाळवाणे असले तरी मासे याने तगतात. आपल्याकडे घरोघरी असलेल्या फवारणीच्या बॅटरी पंपातली 12 व्होल्टची बॅटरी काढून तिच्यावर 12 व्होल्टचा लहान डीसी एअर पंप चालवता येतो आणि माझ्याकडे उन्हाळ्यात हीच सोय असते. मात्र फक्त बॅटरीच घरात आणा, ती ओल्या फडक्याने नीट पुसून घ्या आणि हात साबणाने धुवा, कारण कीटकनाशकाचा अंश कोळंबीला आणि माशांना मारण्यास पुरेसा असतो. एअर पंप जिथली हवा ओढतो तिथे मच्छर अगरबत्ती किंवा लिक्विडही लावू नये.

लाईन आली की डबाबंद कॅनिस्टर फिल्टर तसाच सुरू करू नका. त्यातले पाणी रात्रभर कोंडून सडलेले असते. ते बाहेर ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात पिळा आणि मगच जोडा.

मग मेलेले काय आहे ते शोधा. दगडांमागे टॉर्च मारा, गोगलगायी एकेक उचलून नाकाशी धरा. जिवंत गोगलगायीला समुद्राचाच मंद वास येतो आणि ती तोंडावरचे झाकण ओढून घेते. मेलेलीचे झाकण सैल लोंबते व कुजका वास लपत नाही. नव्वद लिटरमध्ये अशी एक मोठी गोगलगायसुद्धा अमोनिया चढता ठेवते, त्यामुळे ती बाहेर काढल्याशिवाय पाणी कितीही बदलले तरी उपयोग मर्यादितच राहतो.

बोअरच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पूर्णा खोऱ्याच्या खारपाण पट्ट्यात हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ते पाणी चवीला खारे असले तरी समुद्राच्या पाण्यातले क्षारांचे प्रमाण लिटरला 35 ग्रॅम असते आणि आपले बोअर त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय समुद्रात लिटरला सुमारे 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि 400 हून थोडे अधिक कॅल्शियम असा मेळ असतो, प्रवाळाचा सांगाडा त्या मेळावर बांधला जातो. खारपाणातल्या क्षारांचा मेळ वेगळा असतो, आणि शेतीच्या भागात त्यात नायट्रेटही असू शकते. तेव्हा घरच्या आरओचे किंवा गावात मिळणारे आरओचे जार आणा, टीडीएस मीटर असेल तर तपासून घ्या, आणि 27 लिटर पाण्यात साधारण एक किलो रीफ सॉल्ट विरघळवा. मिठाचे खडे दिसेनासे होईपर्यंत हवा देत ढवळा, घनता 1.025 आणि तापमान टाकीइतके जुळले की हळूहळू बदला. एवढ्या बदलाने 1 चा अमोनिया 0.7 होतो, उद्या पुन्हा तेवढेच केले तर 0.5 च्या आसपास येतो. एकाच वेळी निम्मे पाणी बदलण्याचा धक्का मिटलेल्या प्रवाळांना देऊ नये, असे माझे मत आहे.

तापमान तासाला एक अंशापेक्षा वेगाने उतरवू नका. बर्फ थेट टाकल्यास क्षारता घसरते, म्हणून बंद बाटलीतला बर्फ तरंगत ठेवा. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेला साधा पंखाही काही अंश कमी करतो, मात्र त्यामुळे उडालेले पाणी बिनमिठाच्या आरओ पाण्यानेच भरा, कारण मीठ उडत नाही.

दोन-तीन दिवस खाणे बंद ठेवा, नवीन ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, दिव्यांचे तास निम्मे करा. उष्णतेने त्रासलेल्या प्रवाळावर तीव्र प्रकाश पडला की त्याच्या आत राहणारे शैवाल अधिक वेगाने बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. मश्रूम प्रवाळ आणि झोअँथिड बहुतेक वेळा सावरतात, म्हणून त्यांना हलवू नका. एखादे झोअँथिड खरोखर गळून पडत असेल तर ते काढताना हातमोजे आणि चष्मा घाला, ब्रशने घासू नका आणि त्याचा दगड उकळत्या पाण्यात कधीही टाकू नका. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते आणि ते वाफेबरोबर श्वासात गेल्याने घरातल्या माणसांना दवाखान्यात न्यावे लागू शकते. लहान मुले आणि जनावरे त्या जागेपासून दूर ठेवा.

अमोनिया सकाळ-संध्याकाळ मोजा. तो सलग काही दिवस शून्य राहिला की अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) बघा आणि ती 8 dKH च्या खाली असेल तरच, दिवसाला एकाहून अधिक न वाढवता, सावकाश सुधारा.